आमचें जाळीचें दार

घराचें पुढचें दार चोरांसाठीं असतें आणि जाळीचें दार डांसांसाठीं असतें, असें आम्ही पुष्कळ वर्षें समजत होतों. चोर आमच्या घरीं अद्याप आलेला नाहीं. आमच्या मिळकतीची त्याला पूर्ण कल्पना असावी. डांस मात्र पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत एकही दिवस खाडा न करितां येतात. ह्या हिशेबानें पाहतां, आमच्या घरांत पुढच्या दारापेक्षां जाळीच्या दाराची काळजी अधिक घेतली जावयास हवी होती. प्रत्यक्षांत पुढच्या दाराला दोन कड्या, एक कुलूप आणि दर दिवाळीला नवा रंग, आणि जाळीच्या दाराला मात्र सर्वांचे धक्के, अशी वांटणी झालेली होती. त्या वांटणीचें फळ आम्हांला कसें भोगावें लागलें, ती हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आम्ही पिपरी मेघे येथें राहतों. हें गांव वर्धा शहराला इतकें लागून आहे कीं शहर कोठें संपलें आणि गांव कोठें सुरू झालें, हें वाटसरूच्या ध्यानांतही येत नाहीं. सावंगी, सिंदी, बोरगांव ह्या आसपासच्या गांवांच्या नांवांपुढेंही ‘मेघे’ हें पद आहे. त्यामुळें नवख्या माणसाला वाटावें कीं हा सारा प्रदेश बारा महिने मेघांच्या छायेंत असेल. त्यानें मे महिन्यांत एकदां येऊन पाहावें. पारा 45 अंशांच्या वर जातो, अंगाला झळा लागतात आणि घरोघर कूलरची घरघर सुरू होते. मृग बरसला कीं ऊन सरतें, पण दमट उकाडा मागें राहतो. अशा वेळीं लाकडी दार लावून बसावें तर जीव गुदमरतो, आणि उघडें टाकावें तर संध्याकाळीं डांसांची वरातच घरांत शिरते. वारा आंत यावा आणि डांस बाहेर राहावा, ही सोय जाळीच्या दारानें होते. म्हणून घर बांधलें त्याच वर्षीं सागवानी चौकटीचें एक जाळीचें दार आम्हीं बसवून घेतलें.

जाळी कांचतंतूंची, करड्या रंगाची होती. एका इंचांत एकीकडून 18 व दुसरीकडून 16 तंतु, असें तिचें विणकाम. दार आपोआप मिटावें म्हणून मिस्त्रींनीं त्याला एक जबर स्प्रिंग लाविली. आम्हीं पैसे चुकते केले, आणि डांसांचा प्रश्न आतां जन्मभरासाठीं सुटला अशा समाधानानें त्या रात्रीं झोंपी गेलों.

डांस हा नुसता त्रासदायक प्राणी नसून रोगाचा वाहक आहे, हें ज्ञान माणसाला होऊन फार काळ लोटलेला नाहीं. रोनाल्ड रॉस ह्यांनीं 20 ऑगस्ट 1897 रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले. तोंपर्यंत दलदलीच्या दूषित हवेनें हिंवताप येतो अशी समजूत पुष्कळ लोकांत प्रचलित होती. पुढें 1900 सालीं डॉक्टर सांबन आणि डॉक्टर लो ह्यांनीं ह्या ज्ञानाची कसोटी स्वतःच्या देहावर घेतली. इटलींत रोम शहराजवळच्या सखल प्रदेशांत त्या काळीं हिंवतापाचें थैमान असे. तेथें त्यांनीं इंग्लंडांतून आणलेली एक लाकडी झोपडी उभी केली, तिच्या दारां-खिडक्यांना बारीक तारेची जाळी ठोकली, आणि सोबत्यांसह सारा उन्हाळा व पुढें ऑक्टोबरपर्यंत ते तींत राहिले. सूर्य मावळण्यापूर्वीं आंत यावयाचें आणि उजाडेपर्यंत बाहेर पडावयाचें नाहीं, हा त्यांचा मुख्य नियम होता. आसमंतांतील लोक तापानें फणफणत असतां ह्या मंडळींपैकीं कोणालाही हिंवताप झाला नाहीं.

आपल्या जिल्ह्यालाही हिंवतापाची ओळख नवी नाहीं. आमच्या घरापासून थोड्याच मैलांवर सेवाग्राम आहे. त्याचें नांव सेगांव होतें त्या काळीं, म्हणजे 1936 सालीं, गांधीजी तेथें राहावयास आले. आणि त्याच वर्षीं हिंवतापानें आजारी पडून त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयांत राहावें लागलें. डांस माणसाची योग्यता पाहून चावत नाहीं.

सांबन आणि लो ह्यांच्या झोपडीची गोष्ट आम्ही वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगत असतों. तथापि त्या झोपडींत शिस्तीचे प्रौढ शास्त्रज्ञ राहत होते, ही बाब विसरून चालणार नाहीं. तेथें एक पांच वर्षांची मुलगी, एक नऊ वर्षांचा मुलगा आणि एक मांजर असतें, तर त्या प्रयोगाचा निकाल काय लागला असता, ह्याविषयीं आम्हांला दाट शंका आहे.

कारण आमच्या घरांत ही तिन्ही मंडळी आहेत. थोरला शाळेंतून येई तो दप्तरासकट जाळीवर आदळे आणि मग दार उघडे. धाकटीचा हात कडीपर्यंत पोंचत नसे. म्हणून ती दोन्ही तळवे जाळीवर टेंकून सारें अंग तिच्यावर टाकी. मनी मांजरी तर हें दार म्हणजे आपल्यासाठींच उभी केलेली शिडी समजे. दुधाचा वास आला कीं ती नखें रोंवून हातभर वर चढे आणि तेथूनच आम्हांला हांक मारी. शेजारच्यांचें कुत्र्याचें पिलूं अधूनमधून येऊन खालच्या कोपऱ्यांत नाक खुपसून जाई. ह्या सर्वांना आम्ही दिवसांतून दहा वेळां रागावत असूं. “जाळीला हात लावूं नका!” हें वाक्य आमच्या घरांत इतक्या वेळां उच्चारलें गेलें कीं शेवटीं तें कोणाला ऐकूं येईनासें झालें.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे तान्हा पोळा भरतो, हें वैदर्भीय वाचकांना सांगणें नकोच. मुलें आपापले लाकडी बैल सजवून मिरवितात आणि घरोघर बोजारा मागतात. तीन वर्षांपूर्वींच्या तान्ह्या पोळ्याला धाकटीच्या मामानें तिला चाकांचा एक लाकडी बैल आणून दिला. बैल वीतभर उंच, पांढरा, आणि शिंगें चांगलीं टोकदार. मिरवणूक आटोपून ती धांवत घरीं आली, ती एका हातांत खाऊचा पुडा आणि दुसऱ्या हातांत बैल घेऊन. हात मोकळा नाहीं म्हणून तिनें बैलालाच पुढें केलें. शिंग जाळींतून आरपार गेलें, आणि बैल ओढून काढतांना जाळी बोटभर फाटली.

आम्ही तिला फार रागें भरलों. “आजपासून बैल घरांत आणावयाचा नाहीं, तो ओसरीवरच राहील,” असा हुकूम सुटला. ती कांहीं बोलली नाहीं. बैलाला ओसरीच्या कोपऱ्यांत उभा करून ती आंत गेली. भोंकांत आम्हीं वर्तमानपत्राचा एक बोळा कोंबला आणि येत्या रविवारीं मिस्त्रींना बोलावूं असें ठरविलें. तो रविवार आला आणि गेला. त्याच्यामागून आणखी तीन गेले. पहिला बोळा मनीनें खेळावयास नेला. दुसरा पावसानें भिजून गळून पडला. भोंक तळहाताएवढें झालें, आणि दर वेळीं मुलावर, मुलीवर किंवा मांजरीवर दोष ठेवून आम्हीं स्वतःची सुटका करून घेतली.

नवरात्र बसलें आणि धाकटीला ताप भरला. पहिल्या दिवशीं आम्हांला तें साधें पडसें वाटलें. दुसऱ्या दिवशीं डोळे दुखतात, पाय दुखतात म्हणून ती कण्हूं लागली. डॉक्टरांनीं रक्त तपासून डेंग्यू असल्याचें सांगितलें. ह्या रोगाच्या विषाणूवर नेमका मारा करणारें औषध उपलब्ध नाहीं. तापासाठीं पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि सावध पहारा, हाच उपचार. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन ह्या गोळ्या मुळींच देऊं नका, त्यांनीं रक्तस्रावाचा धोका वाढतो, असेंही त्यांनीं बजाविलें. पांचव्या दिवशीं ताप उतरला तेव्हां आम्हांला हायसें वाटलें. डॉक्टर मात्र गंभीर झाले. डेंग्यूमध्यें ताप उतरण्याचा काळच कित्येकदां अधिक धोक्याचा असतो, हें आम्हांला त्या वेळीं प्रथम कळलें. तिचें पोट दुखत होतें, उलट्या थांबत नव्हत्या, आणि रक्तांतील प्लेटलेट्स झपाट्यानें कमी होत होत्या. तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें.

तीन रात्री आम्हीं तिच्या उशाशीं बसून काढल्या. दुसऱ्या रात्रीं बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता. तिनें डोळे उघडले आणि अगदीं हळू आवाजांत ती म्हणाली, “बाबा, बैल भिजत असेल.” आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. पहाटे तिची आई येऊन बसली तेव्हां आम्ही घरीं गेलों. बैल ओसरीवर होता; त्याचा रंग उतरून फरशीवर ओघळला होता. एका हातांत बैल आणि दुसऱ्या हातांत रिकामा डबा घेऊन आम्ही दारापाशीं आलों, आणि नेहमीप्रमाणें गुडघ्यानें जाळी लोटून आंत शिरलों.

नेहमीप्रमाणें! दार मागें धाडकन् आदळलें आणि आम्ही तेथेंच थबकलों. वळून पाहिलें. जाळीच्या खालच्या भागाला एक मोठा फुगवटा आलेला होता आणि तेथें कडेच्या पट्टीखालून तंतु निसटत चालले होते. तो फुगवटा बरोबर आमच्या गुडघ्याच्या उंचीवर होता. धाकटीचे तळवे त्याच्या पुष्कळ वर टेंकत असत, आणि मनीच्या नखांनीं ओरखडे येतील, एवढा फुगवटा येणार नाहीं. सकाळीं पाण्याची बादली, दुपारीं वह्यांचा गठ्ठा, संध्याकाळीं भाजीच्या पिशव्या. दोन्ही हात गुंतलेले असले कीं आम्ही रोज हेंच करीत आलों होतों. त्याच गोष्टीबद्दल पांच वर्षांच्या मुलीला शिक्षा झाली होती, आणि ती शिक्षा तिनें निमूटपणें सोसली होती.

दुपारीं आम्ही पुन्हां रुग्णालयांत जावयास निघालों, तोंच गांवांतील आशाताई पाहणी करीत आमच्या घरीं आल्या. त्यांनीं फाटक्या जाळीकडे एकवार पाहिलें आणि थेट मागच्या अंगणांत जाऊन कूलरची बाजू उघडली. उन्हाळा संपल्यावर त्यांतलें पाणी काढावयाचें राहून गेलें होतें, व पावसानें त्यांत भर घातली होती. त्या पाण्यांत बारीक अळ्या वळवळत होत्या. “गुरुजी, दार तं नीट कराच,” त्या म्हणाल्या, “पण हे मच्छर बाहेरून नाही आले जी, तुमच्याच घरी पैदा झाले.”

मग त्यांनीं आम्हांला पाठ दिला, आणि आम्हीं तो विद्यार्थ्याप्रमाणें ऐकला. हिंवतापाचा डांस रात्रीं चावतो. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो, विशेषतः सकाळीं आणि सूर्य मावळण्यापूर्वीं. म्हणून संध्याकाळीं तेवढें दार लावलें कीं झालें, ही समजूत खोटी आहे. हा डांस सांचलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडीं घालतो, आणि तीं अंडीं भांडें कोरडें पडलें तरी महिनेच्या महिने टिकून राहतात. पुन्हां पाणी मिळालें कीं अळी होते आणि आठ-दहा दिवसांत तिचा डांस होतो. म्हणून भांडें नुसतें रिकामें करून भागत नाहीं. दर आठवड्याला तें घासून कोरडें करावें लागतें. धाकटीला चावलेला डांस त्या भोंकांतूनच आंत आला असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं. तो तिला अंगणांतही चावला असेल. परंतु त्याला जन्माला घालणें आणि घरांत वाट देणें, हीं दोन्हीं कामें आमच्याच हातून झालेलीं होतीं.

चवथ्या दिवशीं तिच्या रक्ताचे आंकडे सावरले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीं ती घरीं आली. दसऱ्याला तिनें आपट्याचें पान आमच्या हातांत ठेविलें, त्या सोन्याची किंमत आम्ही कोणत्या तराजूंत करावी?

सण आटोपतांच मिस्त्री आले. आमच्या मातोश्री ओसरीवर बसून त्यांचें काम पाहत होत्या. “बैल गेला नि झोपा केला,” असें त्या पुटपुटल्या. झोपा म्हणजे गोठ्याचें दार. बैल चोरीला गेल्यावर तें बसविणाऱ्या शेतकऱ्यावर ही म्हण पडली आहे. दैवयोगानें आमचा बैल गेला नव्हता. नवा रंग लावून घेऊन तो खिडकींत उभा होता. परंतु मातोश्रींच्या बोलण्याचा रोख आम्हांला समजला आणि आम्हीं मान खालीं घातली.

“ह्या वेळीं अशी जाळी लावा कीं हत्ती धडकला तरी फाटूं नये,” असें आम्हीं मिस्त्रींना सांगितलें. ते हंसले. “जाळी मच्छरासाठी असते गुरुजी, धक्क्यासाठी नाही. धक्का खायाले लाकूड द्या ना. जिथं हात पडते, तिथं लाकूड पाहिजे.”

त्यांनीं केलेलें काम असें. दाराच्या तळाशीं दीड वीत उंचीची सलग फळी बसविली. बादली, पाय आणि कुत्र्याचें नाक ह्यांचा मार ती घेते. फळीच्या वर कमरेपर्यंत दोन्ही अंगांना एक इंच चौकोनांची जाड तारेची जाळी लाविली, आणि ती बारीक जाळीपासून बोटभर दूर ठेविली. हें अंतर महत्त्वाचें आहे. दोन्ही जाळ्या एकमेकींना चिकटल्या तर धक्का आणि नखें पूर्वीप्रमाणेंच बारीक जाळीला लागतात. त्या खालच्या भागांतली बारीक जाळी कांचतंतूंऐवजीं स्टेनलेस पोलादाची घेतली. जनावरांच्या नखांना तोंड देणारी जाड पॉलिएस्टरची जाळीही बाजारांत मिळते, परंतु ती वारा आणि उजेड कांहींसा अडविते. वरच्या भागाला धक्का लागत नाहीं, म्हणून तेथें पूर्वीचीच जात ठेविली.

दारावर दोन आडव्या पट्ट्या आल्या, एक आमच्या हाताच्या उंचीवर आणि एक धाकटीच्या. तिच्या पट्टीवर तिच्या मुठींत मावेल अशी एक लाकडी मूठ बसविली. स्प्रिंग बदलून सौम्य घातली आणि चौकटीच्या कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले. त्यामुळें दार आदळत नाहीं आणि कोणाचीं बोटें चेंगरत नाहींत. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक लाल फीत लाविली, कारण धांवत येणाऱ्या मुलाला स्वच्छ जाळी दिसतच नाहीं. दाराशेजारीं सुतळी गुंडाळलेला एक बाभळीचा खुंट रोंवला. नखें घासण्याची मांजराची संवय मोडत नाहीं, पण चांगली जागा दिली तर तें जागा बदलतें. मनीनें आठ दिवसांत बदलली. दाराखालची फट रबराच्या पट्टीनें बुजविली. आणि एक नियम आम्हीं स्वतःला घालून घेतला: भोंक दिसेल त्या दिवशीं, त्याच्याहून चोहों बाजूंनीं बोटभर मोठें ठिगळ नायलॉनच्या दोऱ्यानें शिवावयाचें, रविवारची वाट पाहावयाची नाहीं.

पुढें वाचनांत आलेली एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. अमेरिकेंत चाकांवरचीं घरें मोटारीमागें जोडून गांवोगांव हिंडणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या अरुंद दारांची जाळी पातळ ॲल्युमिनियमच्या चौकटींत असते, आणि त्यांचीं कुत्रीं व मुलें ती अशीच फाडतात. तेही खालच्या अर्ध्या भागाला जाळीदार कठडा आणि मध्यें हात टेंकावयास एक आडवा दांडा लावितात. आमच्या मिस्त्रींनीं तीं घरें कधीं पाहिलेलीं नाहींत; परंतु लेंकरूं कोठलेंही असो, तें दार लोटूनच घरांत येतें, हें त्यांना ठाऊक होतें.

ह्या गोष्टीला आतां तीन वर्षें होत आलीं. जाळी शाबूत आहे. कूलर, पाण्याचें पिंप आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर रविवारीं घासून कोरड्या करण्याचें काम थोरल्याकडे आहे, आणि तो तें आमच्यापेक्षां नेमानें करतो. धाकटी आपली मूठ धरून दार उघडते, बैलासकट आंत येते आणि मागें दार लोटून घेते. “जाळीला हात लावूं नका” हें वाक्य आमच्या घरांत पुष्कळ दिवसांत कोणी उच्चारलेलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर आपल्या जाळीच्या दाराकडे जरा खालीं वांकून पाहा. फुगवटा कोठें आहे तें शोधा, आणि त्या उंचीवर हात टेंकावयास एक पट्टी ठोकून मागा. पालकांना मात्र आमची एक नम्र विनंती आहे: दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या गुडघ्याची उंची मोजून पाहावी.